मदत हवी आहे: एकच ठळक रेषा, रेडशिफ्ट ४ की ५.५५?

नमस्कार मंडळी. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक या वर्णपटमापकाने प्रिझममधून घेतलेला एका अंधुक दीर्घिकेचा वर्णपट खुल्या संग्रहातून उतरवून घेतलाय. ३.२८ मायक्रॉनवर एक ठसठशीत उत्सर्जन रेषा आहे. ती हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनची ठळक लाल रेषा) धरली तर रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, ४. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची धरली तर ५.५५.

जोडीच्या रेषा शोधून झाल्या. ४ असेल तर ऑक्सिजन २.५० मायक्रॉनला हवा, पण नेमके तिथलेच पिक्सेल बाद झालेत. ५.५५ असेल तर हायड्रोजन-अल्फा ४.३० ला, तिथे उंचवटा आहे, पण जेमतेम २ सिग्मा, म्हणजे गोंगाटाच्या दुप्पटच. ०.८ मायक्रॉनच्या खाली नुसता गोंगाट, त्यामुळे लायमन ब्रेकचाही (हायड्रोजनच्या शोषणामुळे ठरावीक तरंगलांबीखाली प्रकाश एकदम तुटतो, त्याचा) आधार नाही.

रेषेच्या डाव्या अंगाला मात्र मला किंचित फुगवटा दिसतो, ऑक्सिजनचीच ४९५९ अँगस्ट्रॉमची रेषा मिसळली असावी तसा. म्हणून ४९५९ आणि ५००७ यांचं १:३ गुणोत्तर पक्कं धरून दोन गॉसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) बसवले. अडतंय ते रुंदीवर, म्हणजे उपकरणच रेषा किती पसरवतं यावर. विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले ही रुंदी) १०० धरली की फुगवटा विरून जातो, १५० धरली की उठून दिसतो. दीर्घिका ०.२ आर्कसेकंदाच्या फटीपेक्षा लहान आहे. ग्रेटिंगचा (जास्त बारकाव्याचा) वर्णपट नाही, नवं निरीक्षणही मिळणार नाही.

इतक्या लहान स्रोतासाठी उपकरणाची रुंदी तुम्ही कशी ठरवता?