दहावीच्या तुकडीचे मनोगत : सहावीचे काय करावे?

प्रश्न : आमची तुकडी 2025 मध्ये दहावी झाली. स्नेहमेळाव्यात मनोगत मला वाचायचे आहे; परंतु 2020-21 ची सहावी बहुतांशी मोबाइलवरच गेल्यामुळे ते वर्ष सांगावे की गाळावे, हे ठरत नाही.

उत्तर (शिक्षिका) : गाळू नका. त्या वर्षी माझ्यासमोर चाळीस काळ्या चौकटी असत आणि कोणाच्या तरी घरातील कुकरची शिट्टी ऐकूनच समोर माणसे आहेत, याची खात्री पटत असे.

उत्तर : आमची तर 2021 ची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि निरोप समारंभ राहिला तो राहिलाच. (गुण मात्र भरघोस मिळाले, हे मान्य करतो.)

उत्तर : तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीच्या गर्दीत अर्धा वर्ग अवचित भेटत असे, तेही लिहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सुरुवात कुकरच्या शिट्टीनेच करीन. आमच्याकडे ती गणिताच्या तासाला होत असे.