घरातलं पोर कट्टर व्हायला लागलं तर बाईनं जायचं कुणाकडं?

सदरबाजारची_लेक:
धाकटा भाऊ रात्र रात्र मोबाईलवर तकरीरी, म्हणजे धार्मिक भाषणं, ऐकायला लागला. मग आमच्या कोल्हापुरातल्या बाबूजमाल दर्ग्याला येणं बंद. मोहरमचे पंजे बघून आलो की घरात अबोला. आजोबांचा दर्ग्याच्या दारातला फोटो त्यानं भिंतीवरून काढला, ‘शिर्क आहे’ म्हणाला, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्याला पुजणं. अम्मीनं काही न बोलता परत लावला. त्यानं पुन्हा उतरवला.
अब्बांना यातलं काही ठाऊक नाही. बायकांना आधी कळतं, पण सांगायचं कुणाला? पोलिसांत जावं तर पोराच्या नावाला कायमचा डाग. २०१४ साली कल्याणची चार पोरं इराकला इसिसकडं गेली, तेव्हा आमच्या गल्लीतही सगळे हेच विचारत होते, आयांना कसं कळलं नाही? कळलं असतं तरी दार कुठलं ठोठावलं असतं?
दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळापासूनचं मुस्लिम बोर्डिंग आहे. तिथं आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बाई बसवा. नाव लिहून न घेणारी.

पंचगंगाकाठ:
ताई, कळकळ समजते, पण पटत नाही. उद्या त्यानं काही केलं तर मेलेल्याच्या आईला काय सांगणार? एटीएसनं, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं, अटक न करता पोरं समजावून परत आणल्याच्या बातम्या आल्यात. वेळेत सांगा.

सदरबाजारची_लेक:
दादा, चौकीची पायरी चढताना कुणी बघितलं तर बहिणीचं लग्न मोडतं. त्या बातमीत हे नसतं.

शाहूवाडीकरीण:
मला तर हा धागाच खटकला. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाखाली गजापुरात मशीद फोडली, घरं फोडली. माझी आत्या पोरांना घेऊन रानात पळाली. आमच्या बायकांनी बघितलेला हिंसक कट्टरपणा हा आहे. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या औरंगजेबाच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा दगड मारणाऱ्यांच्या आयांना कुणी जाब विचारला? संशय फक्त आमच्याच चुलीपाशी का?

सदरबाजारची_लेक:
आपा, त्यांनाही विचारायलाच हवं. पण गजापूरचेच व्हिडिओ भावाच्या मोबाईलवर आले, आणि त्यांच्याखाली एका ग्रुपची लिंक होती. तुझ्या आत्याचं दुःख दाखवून कुणीतरी माझा भाऊ ओढतंय.

शाहूवाडीकरीण:
मग ती लिंक टाकणाऱ्याला धरा, आणि घरं फोडणाऱ्यांनाही. पोराच्या पाळतीवर आईला बसवू नका. एकदा त्याला कळलं की अम्मीनं बाहेर सांगितलं, तर तो तिच्याशी बोलायचा थांबेल. मग उरतो तो ग्रुपच.

सदरबाजारची_लेक:
आमच्याशी बोलणं त्यानं कधीच थांबवलंय, आपा. म्हणून तर विचारतेय.