नियंत्रणशास्त्रातील प्रबंधाला प्रत्यक्ष यंत्रावरील चाचणी सक्तीची असावी का?

यंत्रवेध (धागाकर्ता):
पुणे-चाकण पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग घडवणारे कारखाने आणि मेकॅट्रॉनिक्स शिकवणारी महाविद्यालये जवळजवळ असूनही रोबोट-नियंत्रणावरील अनेक प्रबंध मॅटलॅब या संगणकीय गणितप्रणालीच्या आलेखांपाशीच थांबतात. आलेखात रोबोटचा हात ठरलेल्या मार्गावरून केसभरही ढळत नाही, कारण सांध्यांतील घर्षण, गिअरमधील मोकळीक आणि सर्व्हो मोटरची टॉर्कमर्यादा (फिरवण्याचा जोर ती किती लावू शकते) यांना त्यामागच्या प्रतिमानात, म्हणजे गणिती मॉडेलमध्ये, जागाच दिलेली नसते. प्रगत उत्पादनाच्या नावाने निधी घेणाऱ्या प्रत्येक पीएचडी प्रबंधात किमान एका खऱ्या यंत्रावरील मोजमापे असलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुरूपा:
ही अट घातक ठरेल. कंपन टाळण्यासाठी आज्ञा आधीच घडवून देण्याचे, म्हणजे 'इनपुट शेपिंग'चे, उदाहरण पाहा. यंत्राला एकच धक्का देण्याऐवजी त्याचे दोन भाग करून दुसरा भाग कंपनाच्या अर्ध्या आवर्तनानंतर दिला, तर दोन्हींची कंपने एकमेकांना खोडून काढतात. सेकंदाला 10 वेळा हलणाऱ्या हातासाठी हा विलंब जेमतेम 50 मिलिसेकंदांचा असतो. या विचाराचे मूळ बर्कली येथील ओटो स्मिथ यांच्या 1957 च्या कामात आहे. पुढे एमआयटीतील सिंगर आणि सीरिंग यांनी 1990 मधील निबंधात ही पद्धत अशी मांडली, की प्रतिमानातील थोडीफार चूकही तिने सोसावी. त्यांचा त्या निबंधातील पडताळा कशावर होता? स्पेस शटलच्या यांत्रिक हाताच्या संगणकीय प्रतिमानावर! आज स्वस्तातले थ्रीडी प्रिंटरही हेच तंत्र वापरतात. तुमची अट लावली असती, तर सिंगर-सीरिंग यांचा निबंध परीक्षकांनी परत पाठवला असता.

यंत्रवेध:
उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. 1981 ते 2011 या काळात अंतराळात वापरल्या गेलेल्या हाताचे, त्याची लवचीकता धरून केलेले, ते प्रतिमान होते. पाठ्यपुस्तकातील घर्षणरहित द्विसांधी हाताशी त्याची तुलना होऊ शकत नाही. निदान प्रतिमानातील आकडे कोणत्या यंत्रावरून घेतले, एवढे तरी संशोधकाने सांगावे.

सुट्टाभाग:
मी कारखान्यात रोबोट बसवण्याचे काम करतो, म्हणून एक अडचण मांडतो, जिच्याकडे दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. बाजारातील बहुतेक औद्योगिक रोबोटांचा कंट्रोलर बंदिस्त असतो. स्थानाची आज्ञा देता येते, पण आतील टॉर्कच्या वलयात, म्हणजे मोटरचा जोर सतत मोजून सुधारणाऱ्या भागात, विद्यार्थ्याला स्वतःचे सूत्र घालता येत नाही. मग महागडा रोबोट विकत घेऊनही प्रयोग वरवरचाच होतो. सक्ती करायचीच असेल, तर आधी विद्यापीठांनी एकत्र येऊन एक खुली चाचणी-मांडणी उभारावी: एकच अक्ष असला तरी चालेल, पण सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, पूर्ण उघडा हवा. शिवाय उत्पादन चालू असलेली लाइन प्रबंधासाठी कोणी थांबवून देईल, अशी आशा बाळगू नये. तासाला किती नग निघाले याचा हिशेब आम्हाला द्यावा लागतो.

अनुरूपा:
एकअक्षी खुल्या मांडणीला माझा पाठिंबा आहे. परंतु तिच्यावर सहा सांध्यांच्या हाताचे परस्परप्रभाव दिसणारच नाहीत, आणि परीक्षक मात्र 'यंत्रावर चाचणी झाली' या रकान्यात खूण करून मोकळे होतील. शिवाय स्थैर्याची, म्हणजे यंत्रणा ताब्याबाहेर जाणार नाही याची, गणिती सिद्धता देणाऱ्या प्रबंधाला या अटीतून वगळणार का, हेही यंत्रवेध यांनी सांगावे.