नवी पूल क्यू हाती आली आहे, तिची कारागिरी कशी जोखावी? (मदत हवी आहे)

चौथा चेंडू:
नमस्कार. दोन तुकड्यांची पूल क्यू (पूल खेळताना चेंडू मारायची काठी) नुकतीच घेतली आहे. जुनी आहे, पण फार वापरलेली दिसत नाही. सही, शिक्का किंवा क्रमांक कुठेही नाही, त्यामुळे जे कळायचे ते कामावरूनच कळेल. मोजता आले ते असे: पूर्ण लांबी ५८ इंच, वजन १९.२ औंस, टिपेजवळ (चेंडूला लागते ते टोक) शाफ्ट, म्हणजे पुढचा बारीक तुकडा, १२.९ मि.मी., तोल बटच्या (मागचा जाड तुकडा) टोकापासून साडेअठरा इंचांवर. जॉइंटला (दोन तुकडे जुळतात तिथे) स्टीलची कॉलर म्हणजे कडे, बटमध्ये ५/१६-१४ मापाची पिन (आट्यांचा स्क्रू), शाफ्टमध्ये ती बसायला पितळी इन्सर्ट. फोरआर्म बर्ड्‌स-आय मेपलचा (फोरआर्म म्हणजे बटचा रॅपच्या पुढचा भाग; या मेपलमध्ये डोळ्यांसारखे ठिपके असतात), त्यावर चार काळे पॉइंट म्हणजे लांब टोकदार पट्टे, प्रत्येकाला दोन व्हिनिअर (पातळ लाकडी पट्ट्या): आतला पांढरा, बाहेरचा हिरवा. लिननचा रॅप (हात धरायच्या जागी गुंडाळलेला दोरा). सोबत दोन शाफ्ट आहेत.

अडलेल्या गोष्टी चार. पॉइंट खरेच लाकडात बसवलेले आहेत की वरची नक्षी, हे क्यू न खरवडता कसे ओळखायचे? पॉइंटची टोके एका उंचीवर नाहीत, हा दोष किती मोठा मानायचा? शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवले तर सरळ वाटतात, पण जोडून लोळवले की टिप उड्या मारते. आणि जोरात मारल्यावर हाताला बारीक झणझण लागते. क्रमाने काय तपासू?

सरळ रेषा:
आधी थांबा. प्रवासातून आलेली क्यू केसमधून काढून, तुकडे वेगळे करून, निदान २४ तास खोलीच्या हवेत आडवी राहू द्या. लाकूड हवेतला ओलावा घेते-सोडते आणि शाफ्ट बटपेक्षा बारीक असल्याने तो आधी हलतो. पहिल्या दिवशी दिसलेला बाक तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो, किंवा याच्या उलटही घडते. भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका.

लोळवायचे ते काचेवर. टेबलाच्या कापडावर गुठळ्या असतात, त्यावर सरळ क्यूही डुलते. शाफ्टखाली मधल्या भागात प्रकाशाची फट दिसेल, तिला घाबरू नका. प्रोफेशनल टेपरच्या शाफ्टची जाडी टिपेपासून दहा-पंधरा इंच जवळजवळ सारखी असते आणि पुढे वाढत जाते, त्यामुळे तो दोन्ही टोकांवर टेकतो. फिरवताना ती फट लहान-मोठी होते का, एवढेच पाहायचे. होत असेल तर बाक आहे. मग डोळ्याला लावून जॉइंटकडून टिपेकडे बघा आणि हळूहळू फिरवा. काच आणि डोळा दोन्ही एकच सांगत असतील तेव्हाच विश्वास ठेवा.

व्हर्निअर (जाडी मोजायचे कॅलिपर) असेल तर शाफ्टची जाडी एकाच जागी काटकोनात दोनदा मोजा. ०.१ मि.मी.हून जास्त फरक आला तर शाफ्ट गोल राहिलेला नाही. ओल्या लाकडाचा, घाईने उतरवलेला शाफ्ट असाच लंबगोल होतो.

पाचर:
पॉइंटचे मी सांगतो, कारण क्यूच्या अंगावर सगळ्यात जास्त बोलणारी जागा तीच.

छापील नक्षी ओळखायला दहापट भिंग पुरते. छापील कडा भिंगाखाली शाईच्या ठिपक्यांत विरते, लाकडाची कडा एकसंध राहते. दुसरी खूण दिव्याखाली मिळते. क्यू हळू फिरवली की खऱ्या बर्ड्‌स-आयचे डोळे उजेडाबरोबर गडद-फिके होतात, छापलेले जागच्या जागी मुके राहतात.

आता लाकूड खरे निघाले तरी पुढचा प्रश्न उरतोच: स्प्लाइस की इनले? स्प्लाइसमध्ये फोरआर्मला व्ही आकाराची तिरपी खोबण पाडतात, तीत व्हिनिअर आणि काळ्या लाकडाची पाचर चिकटवतात आणि मग सगळे मिळून लेथवर उतरवतात. पॉइंटचे टोक कोणी कापत नाही. खोबणीचा तळ जिथे पृष्ठभागाला येऊन मिळतो तिथे ते आपोआप निघते, म्हणून सुईसारखे असते. खळगा कोरून बसवलेल्या इनले पॉइंटला सहसा कटरच्या जाडीएवढी गोलाई राहते, ती हाताने काढावी लागते. व्हिनिअरही पाहा. पट्ट्या टोकाशी मधोमध मिळून एकात एक बसलेले व्ही तयार व्हायला हवेत. एकाच पॉइंटची डावी पट्टी जाड आणि उजवी बारीक असेल तर पाचर बसताना फिरली आहे.

उंचीच्या फरकात दोन वेगळे रोग असतात आणि ते वेगळे काढता येतात. कॉलरपासून प्रत्येक टोकापर्यंत अंतर मोजून लिहा. समोरासमोरच्या जोडीत एक लांब आणि एक आखूड, उरलेले दोन मधले, असा नमुना आला तर लेथवर उतरवताना मध्य सरकला होता: एका बाजूने लाकूड जास्त निघाले, तिथला पॉइंट आखूड झाला, समोरचा लांबला. पण तीन सारखे आणि एकच वेगळा असेल तर खोबण कमी खोल गेली किंवा पाचर तळाला बसलीच नाही. हा दुसरा प्रकार वाईट, कारण खाली पोकळी आणि नुसता सरस असू शकतो. त्या पॉइंटवर नखाने टिचकी मारत जा. आवाज बसका होतो तिथे पकड नाही.

सही नाही म्हणून मात्र क्यूला कमी लेखू नका. क्यू घडवणारे जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या क्यू आजही मापदंड मानल्या जातात, आणि त्यांनीसुद्धा आधी ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांनी स्प्लाइस केलेले ब्लँक (पॉइंट बसवलेले अर्धवट तयार तुकडे) वापरले. ब्लँक कोणाचा यापेक्षा त्यावर पुढे काय काम झाले ते महत्त्वाचे.

लेथवाला:
जोडल्यावरच टिप उडते, म्हणजे बहुधा जॉइंटचे तोंड गुण्यात (काटकोनात) नाही. हिशोब करून पाहा. जॉइंटचा व्यास साधारण २१ मि.मी., शाफ्ट २९ इंच म्हणजे ७३७ मि.मी. तोंड एका कडेला फक्त ०.०५ मि.मी. उंच असले तरी टिप मध्यापासून सुमारे पावणेदोन मि.मी. बाजूला जाते, आणि लोळवताना तिचा फेर त्याच्या दुप्पट व्यासाचा दिसतो. डोळ्याला न दिसणारी चूक टिपेशी उडी होऊन येते ती अशी.

क्रम असा ठेवा.

१. दोन्ही तोंडे स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पिनच्या बुडाशी सुकलेला सरस किंवा मेण साचते, ते लाकडी काडीने काढा. पुन्हा जोडून लोळवा.

२. जोडताना शेवटची पाव फेरी दिव्यासमोर धरून करा. फट चारही बाजूंनी एकदम मिटली पाहिजे. एका बाजूला आधी टेकून दुसरीकडे प्रकाशाची चंद्रकोर राहत असेल तर तोंड तिरके आहे.

३. शाफ्ट काढून बट लोळवा आणि पिनच्या टोकाकडे पाहा. टोक स्वतःभोवती फिरावे, गोल काढत फिरू नये.

४. दुसरा शाफ्ट लावा. उडी कायम राहिली तर दोष बटमध्ये, गेली तर पहिल्या शाफ्टमध्ये.

कॉलरवरून नख आडवे फिरवा. ते अडकू नये. अगदी किंचित अडखळ मात्र जुन्या क्यूत चालते, विशेषतः शाफ्ट नंतर करवून घेतलेला असेल तर.

तोंड कधीही पॉलिश पेपरवर हाताने घासू नका. हाताने घासलेली कड नेहमी गोल होते आणि मग लेथवर दुप्पट माल काढावा लागतो.

झणझणीसाठी बट दोन बोटांत सैल धरून बुडापासून वर टिचक्या मारत जा. संशयित नेहमीचेच: सैल बंपर (बुडाचे रबर), त्याच्या आतला वजनाचा बोल्ट, रॅपच्या वरचा सांधा (फोरआर्म आणि हँडल जिथे आतून स्क्रूने जोडलेले असतात), सैल पिन, आणि टोकाला फेरूल (टिपेखालचे कडे). सोपे आधी. बंपर काढून मारून पाहा, मग बोल्ट. तो आवळताना जोर लावू नका, बटचे लाकूड आतून चिरते.

सरळ रेषा:
फेरूलसाठी निळा खडू वापरा. फेरूल आणि लाकूड यांच्या रेघेवर खडू चोळा आणि कोरड्या कापडाने पुसा. रेघेत निळे राहिले तर फट आहे. टिप आणि फेरूलच्या सांध्यालाही हेच. टिपेची कड फेरूलच्या बाहेर मशरूमसारखी पसरलेली असेल तर तो क्यूचा दोष नाही, टिप बदलायची वेळ झाली आहे, बस्स.

शाफ्टच्या लाकडातल्या रेषांबाबत लोक एका इंचात किती रेषा ते मोजत बसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेषा जॉइंटपासून टिपेपर्यंत पोचतात का. मधेच कडेला निघून जात असतील, तेही टिपेकडच्या दहा इंचांत, तर तो शाफ्ट वाकण्याची आणि तुटण्याची शक्यता जास्त. तपकिरी बारीक डाग, ज्यांना शुगर मार्क म्हणतात, ते मेपलमध्ये येतातच. त्यांनी खेळाला काही होत नाही.

चौथा चेंडू:
सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस ठेवून मोजले.

कॉलरपासून पॉइंटची टोके क्रमाने ९२, ९५, ९८, ९५ मि.मी. पहिला आणि तिसरा समोरासमोर. भिंगाखाली कडा एकसंध, टोके टोकदार, पट्ट्या दोन्ही बाजूंनी सारख्या. पॉइंटची लांबी रॅपपर्यंत सुमारे २१५, रॅपपाशी रुंदी १५ मि.मी. टिचकीचा आवाज चारहीवर सारखा.

पहिल्या शाफ्टच्या तोंडावर खरेच सुकलेला सरस होता. तो काढल्यावर उडी निम्म्यावर आली, पण गेली नाही. चंद्रकोर बारीकशी दिसते. दुसऱ्या शाफ्टला उडी नाही. पिन जागच्या जागी फिरते. झणझण दोन्ही शाफ्टला होती, बंपर काढूनही होती, वजनाचा बोल्ट पाव फेरी आवळल्यावर थांबली.

रॅपच्या वरच्या कडेला बोटाला पायरी लागते, ती चालेल का? आणि पॉइंटच्या कडांवर फिनिशमध्ये बारीक खोलगट रेघा दिसतात.

पाचर:
समोरासमोरची जोडी ९२ आणि ९८, मधले दोन्ही ९५: मध्य सरकल्याचा अगदी शुद्ध नमुना. १५ मि.मी. रुंदीची ९० अंशांची खोबण, वर पृष्ठभागाची गोलाई धरली तर रॅपपाशी खोली नऊ मि.मी.च्या आसपास येते, म्हणजे उतार साधारण २५ ला १. तीन मि.मी. फरकासाठी मध्य जेमतेम ०.१२ मि.मी. हलला. कागदाच्या एका पानाएवढा. चिकटकाम चोख आहे, पट्ट्या समान आहेत, हे हाताला सवय असलेल्या माणसाचे काम आहे. मी या क्यूला पॉइंटसाठी चांगले गुण देईन. खटकते ते इतकेच, की दोन मापे घेऊन ब्लँक पुन्हा मध्यावर आणता आला असता.

फिनिशमधल्या रेघा म्हणजे सरस आणि लाकूड वर्षानुवर्षे थोडे आक्रसल्याची खूण. नख अडकत नसेल तर सोडून द्या. नख अडकले आणि रेघ काळी दिसली तर सांधा उघडतो आहे.

लिनन रॅप मात्र लाकडाशी समपातळीत हवा. पायरी वर असेल तर खोबण कमी खोल कापली गेली किंवा नंतर जाड दोऱ्याने रॅप बदलला आहे. दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण बाकीचे काम इतके ढिले नाही. नवा रॅप घालून दाबून घेतला की प्रश्न मिटतो.

लेथवाला:
उरली पहिल्या शाफ्टची उडी. दुरुस्ती करणाऱ्याकडे दोन्ही तुकडे न्या, नुसता शाफ्ट नको. शाफ्ट कॉलेटमध्ये (लेथची पकड) धरून दोन्ही टोके मध्यावर आणून घ्या म्हणावे आणि तोंडावरून एका वेळी दोन-तीन शतांश मि.मी.च काढायला सांगा. एवढ्यात सहसा काम होते. पिनला हात लावायची गरज नाही, ती ठीक आहे हे तुम्ही तपासलेच आहे.

एक गोष्ट आवर्जून पाहा. तुमचा जॉइंट पायलटचा असेल, म्हणजे पितळी इन्सर्टची नळी स्टीलच्या कॉलरच्या खळग्यात जात असेल, तर तोंड कापले की पायलट तेवढाच पुढे येतो. तो खळग्याच्या तळाला टेकला तर तोंडे मिटणारच नाहीत आणि नवी झणझण सुरू होईल. पायलटच्या कडेवर मार्करची शाई लावा, ओली असतानाच नेहमीसारखे आवळा, सोडवा. तळाला शाई उमटली तर पायलटही तेवढाच कापून घ्यायचा, आणि हे शाफ्ट लेथवरून उतरण्याआधीच सांगायचे.