'प्रमाणपत्र', 'प्रमाणीकरण', 'वैधता': सिक्युरिटी प्लसच्या टिपणांत कोणता शब्द कुठे?

प्रश्न
कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या परीक्षेसाठी (एसवाय०-७०१) वायरलेस आणि पीकेआय (डिजिटल प्रमाणपत्रं देण्या-तपासण्याची व्यवस्था) या भागांची टिपणं मराठीत काढतो आहे. सर्टिफिकेट, सर्टिफिकेशन, ऑथेंटिकेशन, व्हॅलिडेशन, काहीही शोधलं तरी शब्दकोश 'प्रमाण'पाशीच आणून सोडतो. मग असं वाक्य तयार होतं (ईएपी-टीएलएस ही वाय-फायवर ओळख पटवण्याची एक पद्धत): 'ईएपी-टीएलएसमध्ये प्रमाणीकरणासाठी दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं लागतात आणि सर्व्हर त्यांचं प्रमाणीकरण करतो.' यातलं पहिलं प्रमाणीकरण वेगळं (ऑथेंटिकेशन, ओळख पटवणं), दुसरं वेगळं (व्हॅलिडेशन, प्रमाणपत्र तपासणं). कसं सोडवावं?

प्रतिसाद १
'प्रमाणीकरण' ऑथेंटिकेशनसाठीच राखा. शेतकरी कर्जमुक्तीच्या वेळी 'आधार प्रमाणीकरण' गावोगावी पोचलं आहे, तो अर्थ आता हलवू नये. कायद्याच्या मराठीत 'अधिप्रमाणन' दिसतं. चूक नाही, पण बोलण्यात कोणी वापरत नाही. परीक्षेला सर्टिफिकेशनच म्हणा. 'प्रमाणपत्र' म्हणजे फक्त एक्स.५०९ची (डिजिटल प्रमाणपत्राच्या ठरलेल्या नमुन्याची) फाइल. व्हॅलिडेशनला 'पडताळणी'. तुमचं वाक्य मग असं होईल: 'ईएपी-टीएलएसमध्ये दोन्ही बाजू प्रमाणपत्र दाखवतात, समोरच्याचं पडताळतात, आणि त्यावरून प्रमाणीकरण होतं.' पीईएपी या दुसऱ्या पद्धतीत प्रमाणपत्र एकट्या सर्व्हरचं. वापरणारा आतल्या सांकेतिक बोगद्यातून नाव-पासवर्ड देतो. परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात.

प्रतिसाद २
'पडताळणी'ला माझंही मत. आपल्याकडे जात पडताळणी समिती 'जात वैधता प्रमाणपत्र' देते, म्हणजे पडताळणी ही कृती आणि वैधता हा तिचा निकाल. तोच फरक इथे पाळावा. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक आहे एवढ्यावरून त्याला 'वैध' म्हणू नका. पाच गोष्टी जुळाव्या लागतात: सही विश्वासातल्या रूटपर्यंत (सह्यांच्या साखळीच्या टोकाच्या प्रमाणपत्रापर्यंत) पोचते का, आजची तारीख मुदतीत बसते का, नाव जुळतं का, ते ज्या कामासाठी दिलंय त्याच कामाला वापरलंय का, आणि ते रद्द झालेलं नाही ना.

नावाबद्दल एक खुलासा. ब्राउझर आता कॉमन नेम (प्रमाणपत्रातला नावाचा जुना रकाना) बघत नाहीत. क्रोमने २०१७ साली ५८व्या आवृत्तीपासून ते सोडलं. नाव एसएएनमध्येच (सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या रकान्यातच) हवं. सीएसआर (प्रमाणपत्र मागण्याचा अर्ज) बनवताना एसएएन राहून गेलं, तर कॉमन नेम अचूक असूनही ब्राउझर नाव जुळत नाही असंच सांगतो. कामाबद्दल: रेडियस सर्व्हरच्या (वाय-फायवर येणाऱ्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरच्या) प्रमाणपत्रात 'सर्व्हर ऑथ' आणि लॅपटॉपच्या प्रमाणपत्रात 'क्लायंट ऑथ' हा वापर नोंदलेला हवा. विंडोज याबाबत कडक आहे.

प्रतिसाद ३
रूट सर्टिफिकेटला 'मूळ प्रमाणपत्र' मात्र कृपा करून लिहू नका. मराठी माणसाला 'मूळ प्रमाणपत्र' म्हणजे झेरॉक्स नव्हे ते, प्रवेशाच्या वेळी दाखवायचं ते. या शब्दाने खरोखर नुकसान होतं. सूचनेत 'फोनवर मूळ प्रमाणपत्र टाका' असं वाचून लोक रूटऐवजी रेडियस सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्र टाकतात. काही फोनवर ते चालूनही जातं. पुढे सर्व्हरच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं की ते सगळे फोन एकाच दिवशी वाय-फायवरून तुटतात, आणि सर्व्हरवर तर सगळं ठीक दिसतं. 'रूट' हाच शब्द ठेवा.

त्याच ओघात: फोनच्या वाय-फाय मांडणीत 'डोमेन'चा रकाना रिकामा सोडू नका. नुसता रूट तपासला आणि तो रूट सार्वजनिक असला, तर त्याच सीएकडून (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून) कुठल्याही डोमेनचं प्रमाणपत्र घेतलेला माणूस तुमच्याच नावाचं खोटं वाय-फाय उभारू शकतो.

प्रतिसाद ४
'की' (इंग्रजी key) या शब्दाचंही बघा. 'खासगी की सार्वजनिक की' हे वाक्य प्रश्न आहे का यादी, कळतच नाही. 'किल्ली' लिहा.

वायरलेसमध्ये किल्ली आणि पासवर्ड वेगळे ठेवणंही गरजेचं आहे. डब्ल्यूपीए२-पर्सनलमध्ये (घरगुती वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत) आपण टाकतो तो ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड. त्यात एसएसआयडी (वाय-फायचं नाव) मिसळून, ४०९६ फेऱ्या करून २५६ बिटांची किल्ली तयार होते. पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. पण जोडणीच्या वेळचा चार संदेशांचा हँडशेक कोणी टिपला, तर घरी बसून पासवर्डचे अंदाज लावता येतात. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए३मधला एसएई हा हँडशेक हे बंद करतो: प्रत्येक अंदाजासाठी ॲक्सेस पॉइंटशी नव्याने बोलावं लागतं. (हँडशेकचं 'हस्तांदोलन' करण्यात काही हशील नाही.)

प्रश्नकर्ता
खूप उपयोग झाला. आणखी एक: रिव्होक्ड, सस्पेंडेड, एक्स्पायर्ड. तिन्हींना 'अवैध' चालेल?

प्रतिसाद २
नाही. एक्स्पायर्ड म्हणजे 'मुदत संपलेलं', रिव्होक्ड म्हणजे 'रद्द', सस्पेंडेड म्हणजे 'निलंबित'. निलंबन मागे घेता येतं. सीआरएलमध्ये (रद्द प्रमाणपत्रांच्या यादीत) त्याचं कारण 'सर्टिफिकेट होल्ड' असं नोंदतात. रद्द झालेलं परत येत नाही, नवंच काढावं लागतं. हरवलेला लॅपटॉप सापडण्याची शक्यता असेल तर निलंबन, खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली असेल तर थेट रद्द.

वाय-फायमध्ये एक खास अडचण आहे. ८०२.१एक्स (जाळ्यात घेण्याआधीची ओळख तपासणी) चालू असताना लॅपटॉपला अजून आयपी पत्ताच मिळालेला नसतो, त्यामुळे सर्व्हरचं प्रमाणपत्र रद्द झालंय का हे त्याला ओसीएसपीला (रद्द आहे का ते ऑनलाइन सांगणाऱ्या सेवेला) विचारता येत नाही. उलट बाजूने रेडियस सर्व्हर जाळ्यावर असतो, तो लॅपटॉपचं प्रमाणपत्र सीआरएलमध्ये बघू शकतो. मात्र सीआरएललाही मुदत असते. फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरवर सीआरएल तपासणी चालू ठेवली आणि नवी यादी आणून ठेवायचं राहिलं, तर यादीची मुदत संपताच चांगली प्रमाणपत्रंसुद्धा नाकारली जातात. लॉगमध्ये 'सीआरएल हॅज एक्स्पायर्ड' दिसतं आणि घाईत वाचणारा प्रमाणपत्रंच नव्याने काढत बसतो.

प्रतिसाद ५
ई-निविदेसाठी 'डिजिटल सिग्नेचर घेतली' म्हणतात, तिथेही हाच घोळ. यूएसबी टोकनमध्ये असतात खासगी किल्ली आणि प्रमाणपत्र. सही प्रत्येक दस्तऐवजावर नव्याने होते, ती दस्तऐवजाच्या हॅशवर (मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशावर) अवलंबून असते. टोकनवर सही 'साठवलेली' नसते. टिपणांत 'सही' आणि 'सहीचं प्रमाणपत्र' असे दोन शब्द ठेवा. म्हणजे सही कोणत्या किल्लीने करायची या प्रश्नावर अडणार नाही: करणाऱ्याच्या खासगी किल्लीने. पडताळायची त्याच्या सार्वजनिक किल्लीने, आणि ती किल्ली त्याचीच आहे हे सांगायला प्रमाणपत्र.