मुलींसाठीचा 'वैज्ञानिक' बिल्डिंग सेट: भाचीला घ्यावा का?

सुदामानगरची_आत्या

नमस्कार मंडळी. माझी भाची पुढच्या महिन्यात सात वर्षांची होते आहे. तिला यंदा काहीतरी जोडायचं-बांधायचं खेळणं द्यावं असं मनात आहे. रविवारी इथे इंदूरमध्ये विजयनगरच्या एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "दीदी, लड़का है या लड़की?" लड़की म्हटल्यावर तो मला थेट वेगळ्या रॅककडे घेऊन गेला.

तिथे एक सेट दाखवला. जांभळा डबा, वर पांढरा कोट आणि चष्मा घातलेली मुलगी, शेजारी दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि छोटा रोबोट. ठोकळे जोडून प्रयोगशाळेच्या भिंती उभ्या करायच्या, टेबलं मांडायची आणि आत शास्त्रज्ञ बाहुल्या ठेवायच्या. किंमत अडीच हजारांच्या आत. समोरच्या, म्हणजे 'मुलांच्या' रॅकवर जवळपास तेवढ्याच किमतीत गिअर, पुली, पट्टे आणि दांडे असलेला सेट होता. त्याच्या डब्यावर दोन मुलगे क्रेन फिरवताना दाखवलेत.

भाऊ म्हणतो जांभळाच घे, तिला आवडेल. वहिनी विचारते, मुलींचं विज्ञान वेगळं असतं का? तिचा प्रश्न मला पटला, पण त्या कोटातल्या मुलीवरून माझीही नजर हटेना. भाचीला बाहुल्या फार आवडतात. आणि घरातलं प्रत्येक बॉलपेन उघडून ती आतली स्प्रिंग काढून ठेवते. कुणी असे सेट घेतले असतील तर मोकळेपणाने सांगा. खोका रिकामा झाल्यावर मूल त्याच्याशी परत खेळतं का? आणि त्यात विज्ञान खरंच किती असतं?

दोन_मुलींचा_बाबा

कुठलाही घ्या, आधी डब्यावर आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे, तरी बाजारात बिनचिन्हाचा माल दिसतोच. दुसरं, 'सायन्स'च्या सेटमध्ये सुटी लोहचुंबकं किंवा बटन सेल (घड्याळात असतात तसे चपटे, गोल) असतात का ते पाहा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरून ठेवतात, आणि बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतं. घरात भाचीपेक्षा लहान कुणी असेल तर हे विसरू नका. सेल ठेवायची जागा स्क्रूने बंद होणारी हवी.

परदेशी सेट इतके महाग का, असंही वाटलं असेल. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. त्यामुळे बाहेरच्या किमती बघून इथल्या दुकानदाराशी भांडू नका.

सुनंदा_रामबाग

आत्याबाई, मी इथल्या एका उच्च माध्यमिक शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत सहायक होते. खेळण्यांच्या दुकानात फारशी जात नाही, पण मुलींचे हात खूप पाहिलेत, म्हणून लिहिते.

मुलं-मुली एकत्र असलेल्या गटात काय व्हायचं सांगते. उपकरण मुलाच्या हातात, वही मुलीच्या. कुणी तसं ठरवून देत नसे. "तुझं अक्षर चांगलं आहे, तू रीडिंग लिही," एवढं एकजण म्हणायचा आणि वर्षभर तेच चालायचं. मग प्रॅक्टिकलची परीक्षा यायची. थिअरीत वर्गात पहिली येणारी मुलगी मीटर ब्रिजसमोर, म्हणजे मीटरभर ताणलेल्या तारेवर विजेचा रोध मोजायच्या उपकरणासमोर, एकटी उभी राहायची आणि जॉकी, म्हणजे तारेला स्पर्श करायचं हातातलं टोक, तारेवर टेकवायचा की घासायचा हे तिला माहीत नसायचं. टेकवायचा असतो, हलकेच, घासला तर तार झिजते. तिने तो कधी हातात घेतलाच नव्हता. हुशारीत ती कुठेच कमी नव्हती. तिच्या तारांच्या टोकांशी मी उगीच उभी राहायचे, म्हणजे तिला विचारायला जवळ कुणी असावं. पुढे मी गटातल्या मुलींना पहिलं कनेक्शन करायला लावायला लागले. वही नंतर.

म्हणून डब्याचा रंग सोडा. डबा उलटा करा आणि मागची चित्रं बघा: जोडून झाल्यावर ही वस्तू काय करते? तुम्ही वर्णन केलेल्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून काही मोठं दिसत नाही. दुर्बिणीला भिंग नाही. भिंत उभी राहिली की काम संपलं, पुढे बाहुल्यांचा खेळ. तो खेळ चांगलाच आहे, त्याला मी कमी म्हणत नाही, पण ते घर मांडणं झालं. त्यात विज्ञान डब्यावरच्या चित्रापुरतं आहे.

याउलट अमेरिकेत डेबी स्टर्लिंग नावाच्या, स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकलेल्या बाईंनी 2012 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून गोल्डीब्लॉक्स हा सेट काढला. तोही मुलींसाठीच, त्यातही गोष्ट आणि छोटी प्राणी-पात्रं. पण आत भोकांची पाटी, आस, चाकं आणि एक लांब रिबन होती. रिबन चाकांभोवती गुंडाळून एक फिरवलं की बाकीची फिरायची. हा सरळसरळ पट्ट्याचा गतिप्रेषक आहे. आमच्या पिढीच्या घरोघरी तो होता, पायडलच्या शिलाई मशीनमध्ये. खाली मोठं चाक, वर लहान, मध्ये चामड्याचा पट्टा. पाय सावकाश हलतो आणि सुई भराभर चालते, कारण मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात लहान चाक कितीतरी फेरे घेतं. पट्टा सैल पडला की चाक नुसतं घसरतं, मग तो कापून तारेच्या क्लिपने पुन्हा जोडायचा. हे काम घरातल्या बायकाच करत. त्याला कुणी इंजिनिअरिंग म्हटलं नाही, एवढंच.

तेव्हा माझं मत गिअर-पुलीच्या सेटला. सात वर्षांच्या मुलीला त्यातून काय सापडेल? आठ दात्यांचं चाक चोवीस दात्यांच्या चाकाला लावलं की मोठ्याच्या एका फेऱ्यात लहान तीन फेरे घेतं. दोघं उलट्या दिशांना फिरतात. मध्ये तिसरं घातलं की टोकाची दोन्ही पुन्हा एकाच दिशेने. पट्ट्याने जोडलेली चाकं एकाच दिशेने फिरतात, पण पट्टा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळून घातला तर उलट. हे तिला सांगू नका. तिचं तिला दिसेल, आणि दिसेल तेव्हा ती तुम्हाला स्वयंपाकघरातून ओढत घेऊन जाईल.

आणखी दोन गोष्टी. अर्धवट जोडलेलं यंत्र रात्री डब्यात भरायला लावू नका. एखादा पाट किंवा जुना ट्रे त्यासाठीच द्या, म्हणजे सकाळी तिथूनच पुढे सुरू. आणि तिच्या बाबांना सांगा, चाक अडकलं तर लगेच हात घालायचा नाही. मुलाचं अडकलं तर आपण म्हणतो "कर, जमेल." मुलीचं अडकलं तर "आण इकडे."

राजेंद्रनगर_अजित

आमच्याकडे उलट झालं. मुलाला तो दुर्बिणीवालाच डबा हवा होता, कारण त्याला सध्या ग्रहांचं वेड आहे. दुकानातल्या माणसाने "ये तो गर्ल्स का है" म्हटलं आणि पोराने हातातला डबा खाली ठेवला. नंतर कितीही म्हटलं तरी घेईना. दोन रॅक करण्याने मुलींचंच नुकसान होतं असं नाही.

पुण्यातली_इंदोरी

सुनंदाताई, तुमचं लॅबचं वाचून माझी अकरावी डोळ्यांसमोर आली. मी आता भूभौतिकीत काम करते, तरी एका बाबतीत तुमच्याशी सहमत नाही. कोटातल्या बाहुलीला तुम्ही फार लवकर बाजूला सारलंत.

2014 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका सात वर्षांच्या मुलीने लेगो कंपनीला पत्र लिहिलं होतं. तिची तक्रार साधी होती: तुमच्या खेळातल्या मुली घरी बसतात, समुद्रावर जातात, खरेदी करतात, आणि मुलगे मात्र साहसं करतात, लोकांना वाचवतात. त्याच वर्षी एलेन कोइमान या भूरसायन शास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेवरून लेगोने एक छोटा संच काढला. जेमतेम 165 तुकडे. डायनासोरच्या सांगाड्यापाशी जीवाश्मतज्ज्ञ, दुर्बिणीपाशी खगोलशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, तिघीही बायका. तो बघता बघता संपला. मग 2017 मध्ये नासातल्या बायकांचा संच आला. त्यात अपोलो चांद्रमोहिमांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या मार्गारेट हॅमिल्टन होत्या, खगोलशास्त्रज्ञ नॅन्सी ग्रेस रोमन होत्या, सॅली राइड आणि मे जेमिसन या अंतराळवीर होत्या. या संचांच्या दुर्बिणीतूनही काही दिसत नाही. पण काम करणारी बाई दिसते, आणि ती तिच्या कामापाशी उभी दिसते.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर आपल्याच गावाचं उदाहरण आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, जन्म इंदूरचा, 1911 चा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे घरात विज्ञान होतंच. मुंबई विद्यापीठात उत्तम गुणांनी बीएस्सी झाल्या आणि 1933 मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई ठाण मांडून बसल्या तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या अटीने घेतलं. त्याच पुढे केंब्रिजला गेल्या, वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन, असतं हे दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. त्यांच्या हाताला सगळं येत होतं, ताई. अडलं होतं ते समोरच्या माणसाच्या नजरेत, आणि तो माणूस नोबेल मिळवलेला होता. म्हणून तो जांभळा डबा फक्त भाचीने बघायचा नाही. तिच्या भावाने, तिच्या वर्गातल्या मुलांनी आणि त्या दुकानदारानेही बघायचा आहे.

सुदामानगरची_आत्या

कमलाबाई आपल्या इंदूरच्या हे मला खरंच माहीत नव्हतं. दुर्गाबाईंचं घरात सगळं वाचलेलं आहे आणि त्यांच्या बहिणीबद्दल आजवर कुणी बोललं नाही, याचं वाईट वाटलं. आईला लगेच वाचून दाखवलं.

आता मात्र पुरती कोड्यात पडले. दोन्ही घेणं बजेटमध्ये बसत नाही. आणि सुनंदाताई, खरं सांगू का, मला भीती अशी की नुसते गिअर बघून ती म्हणेल "यात कुणी नाहीये." तिच्या खेळात कुणीतरी असावंच लागतं.

सुनंदा_रामबाग

कमलाबाईंचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पुण्याच्या ताई. माझ्या लॅबच्या भिंतीवर सगळे पुरुषांचेच फोटो होते, रामनही होते, आणि ते बदलावेत असं कुणाच्या मनात आलं नाही. इंदूरच्या प्रत्येक शाळेत कमलाबाईंचा फोटो लागला पाहिजे. तरी सेट एकच घ्यायचा असेल तर मी अजूनही गिअरवर ठाम आहे. फोटो भिंतीवर लावता येतो, यंत्र मात्र हातातच यावं लागतं.

आत्याबाई, "यात कुणी नाहीये" याचं उत्तर तुमच्या घरातच आहे. तिच्या बाहुल्या आणा. तिला म्हणा, या बाईंची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात, लिफ्ट कर. पुली, दोरा, हँडल. बाहुली जड असेल तर दोरा ओढताना हाताला कळेल. मग एक पुली बाहुलीच्या पाळण्याला बांधायची, दोऱ्याचं एक टोक वर पक्कं, दुसरं हातात. जोर जवळपास निम्मा लागेल, पण दोरा दुप्पट ओढावा लागेल. हे फुकट मिळत नाही हेही तिला तिथेच कळेल. कोट हवा असेल तर पांढऱ्या रुमालाचा तुम्ही शिवा, तिच्या देखत, मशीनवर, आणि मशीनचं खालचं चाक तिला बघू द्या.

आणि सेट येईपर्यंत वाट कशाला बघता? आपल्याच मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, 1972 मध्ये 16 शाळांत विज्ञान शिक्षणाचं काम सुरू झालं होतं. मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं, तेही हाताशी मिळेल त्या सामानातून. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी, यांतून त्यांनी जोडणीचं खेळणं उभं केलं. काड्यांचं गूल आधी तुम्ही खरडून टाका, ते मुलीच्या हाती नको. ट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापा. तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या गेल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन. चौकोन दाबला की कलंडून तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवी काडी घालायची झाली तर आगकाडी लहान पडते, तिथे झाडूची काडी मापाने कापून घालायची आणि मग तोही ताठ. हे झालं की तिला बायपासकडे न्या आणि विजेचे मोठे टॉवर दाखवा. वरपासून खालपर्यंत त्रिकोण आहेत.

दोन_मुलींचा_बाबा

ही ट्यूब आता मिळते कुठे? विचारलं तर दोन सायकलवाल्यांनी नाही म्हटलं.

सुनंदा_रामबाग

नव्या चकचकीत दुकानांत नाही मिळायची, नव्या सायकलींना दुसऱ्या जातीचे व्हॉल्व्ह असतात. फुटपाथवर पंक्चर काढणाऱ्याला विचारा, नाहीतर सियागंजच्या बाजूला सायकलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे. मीटरवर मिळते, स्वस्त असते. रबरीच मागा. काही जण प्लास्टिकची बारीक नळी देतात, तिच्यात काडी पकड धरत नाही आणि पोरं दोन मिनिटांत कंटाळतात.