नारळ पुन्हा पडला : कार्टूनमधला तोच तो विनोद, कसब की कामचुकारपणा?

पंचवटीकर (धागाकर्ता)

उन्हाळी बालनाट्य शिबिरात मुलांना 'तुम्हीच एक प्रसंग रचा' म्हटलं की हल्ली त्यात एक इन्स्पेक्टर हमखास येतो. हवेत गोळी झाडतो आणि विंगेतून नारळ थेट त्याच्या टाळक्यात. 'मोटू पतलू'तला चिंगम, दुसरं कोण! नाशकात गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत नारळ सगळ्यांना पाठ. त्या भागाची गोष्ट काय होती म्हणाल, तर सांगताना पोरं अडखळतात.

म्हणून हा धागा. तोच विनोद पुन्हा पुन्हा येण्याला माझी हरकत नाही, तो कथेच्या कुठल्या जागी येतो याला आहे. या मालिकांचा एक भाग साधारण अकरा मिनिटांचा असतो. 'छोटा भीम'मधला लाडू किंवा मोटूचा समोसा शेवटच्या दोन मिनिटांत तोंडात पडतो, अंगात बळ येतं, मारामारी होते, खेळ खलास. मग आधीची आठ-नऊ मिनिटं लेखकाने जी अडचण रचली, ती कशासाठी?

आता 'डोरेमॉन' बघा. तिथेही ठरलेलं सूत्र आहेच. नोबिता रडत येतो, डोरेमॉन खिशातून उपकरण काढतो. पण हे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला होतं. पहिला वापर यशस्वी, दुसरा हावरटपणाचा, तिसऱ्यात उपकरण नोबिताला छळणाऱ्या जियानच्या नाहीतर सुनियोच्या हाती लागतं आणि सगळं अंगावर उलटतं. म्हणजे उपकरण गोष्ट उघडतं. लाडू गोष्ट बंद करतो. मी पहिल्याला कसब म्हणतो आणि दुसऱ्याला कामचुकारपणा.

इंदिरानगरवाली

साफ असहमत. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही गोष्ट तुमच्या कसोटीला लावून बघा की. म्हातारी जाताना प्रत्येक प्राण्याला तेच वचन देते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन. येताना भोपळ्यातून प्रत्येकाला तेच उत्तर देते, आणि त्याच ठरलेल्या ओळीने तिची सुटका होते. पालुपदाने गोष्ट बंद होते म्हणून ती रद्दी झाली का?

चिऊ-काऊचंही तेच. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते', 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते'. सांगणाऱ्याने एक पायरी गाळली तर ऐकणारं पोर झोपेतून उठून चूक दाखवतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'पुढे काय होणार' यापेक्षा 'मला माहितीये पुढे काय होणार' यात जास्त मजा वाटते. लाडू येणार हे माहीत असणं हाच त्याचा आनंद. तुम्ही दहा वर्षांच्या मुलाची फूटपट्टी चार वर्षांच्या मुलाला लावताय.

पंचवटीकर

ताई, भोपळ्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! भोपळा म्हातारीला आकाशातून मिळत नाही. जाताना तिने प्राण्यांना शब्द दिलेला असतो, त्या शब्दामुळेच येताना संकट उभं राहतं आणि त्यावर तोडगा म्हणून लेकीकडे भोपळ्याची तयारी होते. पेरणी आधी, पीक नंतर. लाडवाची पेरणी कुठे होते? भीमच्या टोळीतली चुटकी किंवा राजू लांबून फेकतो आणि भीम झेलतो, एवढंच.

सातपूर_२५फ्रेम

दोघंही फक्त लेखनाबद्दल बोलताय. हे विनोद पुन्हा पुन्हा का येतात याचं अर्धं उत्तर हिशेबात आहे.

अकरा मिनिटं म्हणजे ६६० सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १६,५०० फ्रेम. 'मोटू पतलू' थ्रीडी आहे, म्हणजे प्रत्येक पात्राचा सांगाडा एकदा तयार झाला की चालणं, धावणं, दचकणं, पडणं हे सगळं साठवून ठेवता येतं. नारळ, टाळकं, डोळे फिरणं हा तुकडा एकदा नीट झाला की पुढच्या भागात पार्श्वभूमी आणि कॅमेरा बदलून परत वापरता येतो. पंधरा सेकंदांचे असे चार तुकडे बसवले की एक मिनिट झालं, अकरावा हिस्सा. रोज दिसणाऱ्या मालिकेला हे टाळणं परवडत नाही. याला कामचुकारपणा म्हणायचं तर कारखान्यातल्या प्रत्येक साच्याला म्हणावं लागेल.

खरी चूक पुढे होते. साठवलेला तुकडा उचलताना त्याच्या आधीचा थांबासुद्धा जशाच्या तसा उचलला जातो. विनोद आपटण्यात नसतो, आपटण्याआधीच्या थांब्यात असतो. चक जोन्स या दिग्दर्शकाने कोयोटी (लांडग्यासारखा प्राणी) आणि तो ज्याच्या मागे धावतो त्या रोडरनर पक्ष्याच्या पटांत हे फ्रेममध्ये मोजलं होतं. कोयोटी कड्यावरून पडून दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर १४ फ्रेमनी खाली धुळीचा ढग. चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे शेवटचा थांबा अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त. तो दोन-चार फ्रेमनी हलला तरी हसू निसटतं.

चिंगमच्या बाबतीत उपाय स्वस्त आहे. आपटण्याचा तुकडा तोच ठेवा, त्याआधीचा थांबा दर वेळी बदला. एकदा नारळ लगेच पडू द्या. एकदा चिंगमला वर बघत ताटकळू द्या, तो सुटकेचा श्वास टाकून टोपी नीट करायला लागला की मग पाडा. एकदा तो शेजाऱ्याच्या डोक्यात जाऊ द्या. अ‍ॅनिमेशनचा खर्च जवळजवळ तेवढाच, फक्त स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगाच्या चित्रांतल्या आखणीवर, अर्धा तास डोकं चालवायचं. तेवढा वेळ मिळाला नाही की विनोद शिळा होतो.

देवळाली कॅम्प

जाता जाता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एक-एक फ्रेमला हलवून 'आगकाड्यांची मौज' हा पट केला, तेव्हा साठवणीतून उचलायला काहीच नव्हतं. प्रत्येक हालचालीची किंमत हाताने मोजायची. अशा कामात तोच प्रसंग दुसऱ्यांदा घ्यायचा म्हणजे दुसऱ्यांदा राबायचं. आता दुसऱ्यांदा घेणं फुकट झालंय, म्हणून तो चौथ्यांदाही घेतला जातो. सातपूरकरांनी हिशेब बरोबर मांडलाय, पण निष्कर्ष माझ्या मते उलटा निघतो.

नाटकवेडा

पंचवटीकरांच्या 'उघडणं-बंद करणं' या विभागणीला 'स्कूबी-डू' सुरुंग लावतो. १९६९ पासून शेवट ठरलेला. भूत पकडायचं, मुखवटा ओढायचा, आत माणूस. लाडवापेक्षा घट्ट कुलूप! तरी ते चालतं, कारण शेवट ठरलेला असला तरी उत्तर ठरलेलं नसतं. मुखवट्यामागे कोण, हे मूल पूर्ण वेळ हुडकत बसतं.

तेव्हा प्रश्न जागेचा नाही. सूत्रात एक तरी घर रिकामं ठेवलंय का, ते बघा. 'मोटू पतलू'तला घसीटाराम घ्या. कुठलंही काम निघालं की याला त्यात वीस वर्षांचा तजुर्बा. आकडा कधी हलत नाही, काम दर वेळी बदलतं. ते बदलणारं काम म्हणजे रिकामं घर. पुढची पायरी मुलं स्वतःच चढतात आणि याच्या सगळ्या वर्षांची बेरीज करायला बसतात. शिवाय त्याचा सल्ला फसतो आणि अडचण वाढते, म्हणजे पंचवटीकरांचीही सोय झाली. संपूर्ण मालिकेतला हा माझ्या मते सगळ्यात चोख विनोद आहे. समोशाची भक्ती मात्र मला कधीच झेपली नाही.

'फिनिअस अँड फर्ब'मध्ये तर सगळीच घरं छापलेली, एक-दोन सोडून. भाऊ अचाट काहीतरी बांधणार, बहीण आईला बोलावणार, आई यायच्या आत ते गायब होणार. तिकडे खलनायक डूफेन्शमर्ट्झ एक यंत्र करणार आणि भावांचा पाळीव प्राणी पेरी, जो छुपा हेर आहे, ते उधळणार. यातली खुबी जोडणीत आहे. त्या उधळलेल्या यंत्राचाच झटका बहुतेकदा भावांचं बांधकाम गायब करतो. दोन ठरलेली सूत्रं एकमेकांत अडकवली की प्रत्येक भागात 'आज कसं अडकवणार' हा नवा प्रश्न आपोआप तयार होतो.

इंदिरानगरवाली

नाटकवेडांचं रिकामं घर पटलं, पण मग समोशाला एवढं का झोडपता? समोसा दोन्ही टोकांना आहे हे कुणी बघतच नाही. सुरुवातीला मोटू चहावाल्याच्या समोशांवर हात मारतो किंवा 'खाली पेट' म्हणून भलतीकडे धावतो, आणि तिथेच भांडण लागतं. ज्या हावेने घात केला तिनेच शेवटी तारलं. ही पेरणी नव्हे तर काय?

पालक खाऊन बळ येणाऱ्या पॉपाय खलाशाला तो पालकही सरळ मिळत नाही. डबा घरंगळतो, हाताला लागत नाही, वर मार बसत राहतो. मूल डब्याकडे बघत असतं. विनोद पालकात नाही, डबा हाती लागायच्या उशिरात आहे. लाडू सरळ तोंडात पडतो ही तक्रार असेल तर मान्य. मग उशीर घाला, लाडू काढू नका.

पंचवटीकर

दोन्ही टोकांचा समोसा मान्य, पण ज्या भागांत तो दोन्हीकडे असतो त्याच भागांपुरता. नुसता शेवटी उगवणारा समोसा मला तरी जास्त दिसतो.

आवाजवाला

एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही, ती म्हणजे आवाज. 'ओगी अँड द कॉक्रोचेस' ही १९९८ ची फ्रेंच मालिका मुळात जवळजवळ मुकी आहे. हसणं, किंचाळणं, आपटणं एवढंच. आपल्याकडे हिंदीत तिच्यावर अखंड बडबड चढवली, ओगी या मांजराला शाहरुखच्या धाटणीचा आवाज दिला. सातपूरकर ज्या थांब्याबद्दल बोलतायत तो डबिंगमध्ये सगळ्यात आधी मरतो. झुरळ फ्रीजचं दार उघडतं, ओगी थबकतो, मूळ पटात तिथे शांतता असते. डबमध्ये त्या शांततेत एक टोमणा कोंबतात. टोमणा कानात, आपटणं डोळ्यात, दोन्ही एकाच वेळी. मग हसायचं कशाला?

नियम सोपा आहे. पात्र पडायच्या आधी वाक्य संपलं पाहिजे, आणि पडल्यावर निदान एक सेकंद कुणी बोलू नये. ठरलेलं वाक्य असेल तर ते दर भागात त्याच चालीत म्हणायचं. नटाने 'आज जरा वेगळं करतो' म्हटलं की संपलं. मुलं शब्दाआधी चाल ओळखतात.

सातपूर_२५फ्रेम

थांब्याबद्दल धन्यवाद. पण ती बडबडच ओगीला इथे घरोघरी घेऊन गेली हेही खरं ना? मुकं कार्टून शेजारच्या खोलीतून कळत नाही, बोलकं कळतं. आई-बाबांना शाहरुखची नक्कल हा वेगळाच चालू विनोद मिळाला.

आवाजवाला

लोकप्रिय झालं, नाकारतच नाही. पण तो विनोद पुनरावृत्तीचा नव्हे, नकलेचा. शाहरुख माहीत नसलेल्या पोराला त्यातलं काही मिळत नाही, त्याच्यासाठी फक्त शांतता गेली.

कॉलेजरोड

शिनचॅन या जपानी मालिकेतल्या आगाऊ पोराबद्दल कुणी बोलणार की नाही? मुलं नारळ पाडून घेत नाहीत, पण शिनचॅनसारखी उलट उत्तरं नक्की देतात. २००८ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदीही आली होती, नंतर कापछाट होऊन ती मालिका परतली.

नाटकवेडा

कारण ते मुळात मुलांसाठी लिहिलेलंच नाही. चित्रकथा १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली, टीव्हीवर १९९२ मध्ये आली. मोठ्यांना हसू येतं ते आई-बाबांच्या फजितीचं. लहान मूल शिनचॅनच्या जागी उभं राहतं आणि फक्त उत्तर उचलतं.

पण कारागिरी बघायची तर त्यातलं शिनचॅनच्या मैत्रिणीचं, नेनेचं, ससुलं बघा. नेनेची आई चिडली की कापडी सशाला ठोसे लगावते. पुढे नेनेही तेच करायला लागते. एकच विनोद आईकडून मुलीकडे आला आणि दोघींचा स्वभाव कळला, एक शब्द न बोलता. कापछाट करणाऱ्यांना हे कापावंसं वाटलं तर त्यांनी काय कापलं ते त्यांना कळणारही नाही.

पंचवटीकर

बरं, कामाचं बोलू. शिबिरातल्या मुलांना संहिता लिहायला लावताना ही कसोटी कशी वाटते? ठरलेला विनोद खोडायचा आणि संहिता पुन्हा वाचायची. गोष्ट सुरूच झाली नाही तर विनोद जागेवर आहे. फक्त संपली नाही तर ती कुबडी. काहीच फरक पडला नाही तर तो दागिना, दोनदाच ठेवायचा.

सातपूर_२५फ्रेम

या कसोटीत चिंगमचा नारळ दागिना ठरतो आणि तुमची मुलं गोष्ट विसरून नेमका तोच लक्षात ठेवतात. कसोटीतच काहीतरी गोम आहे.

नाटकवेडा

दोनदा नको, तीनदा. पहिल्यांदा मुलं दचकतात, दुसऱ्यांदा ओळखतात. तिसऱ्यांदा आधीच हसायला लागतात, तेव्हा तो साचा मोडायचा. दोनदाच ठेवलात तर मोडायला जागाच उरत नाही.

आणि रंगमंचावर करायचं असेल तर नारळ स्पंजचा, वर तपकिरी कापड, आत अजिबात वजन नको. वरून सोडू नका. कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या मंचावर तो वरून येईपर्यंत पोराचं डोकं जागेवरून हलतं आणि नेम चुकतो. शेजारी झाडाच्या सोंगात एक मूल उभं करा आणि त्याच्या हातून टाकू द्या. स्पंज आपटल्याचा आवाज येत नाही, तो विंगेतल्या ढोलकीने द्यायचा. ढोलकीवाल्याने नारळाकडे बघू नये, चिंगमच्या गुडघ्यांकडे बघावं. गुडघे वाकले की थाप. नारळ बघून वाजवली की दर वेळी उशीर होतो.

इंदिरानगरवाली

आणि मोडायचाच असेल तर पुढच्या रांगेतल्या चार वर्षांच्यांसाठी चौथ्यांदा एकदा सरळ पाडा. ते त्याचीच वाट बघत बसलेले असतात. पंचवटीकर याला कुबडी म्हणोत नाहीतर दागिना.